‘माह्यापाशी हाय काय, कोण काय नेईन?’

दारव्हा तालुक्यातल्या एका बाजारगावात माझं ऑनलाईन सेंटर आहे. सातबारा, पीक विमा, दाखले, परीक्षेचे फॉर्म, झेरॉक्स, सगळं एकाच टेबलावर. २०२४ च्या पावसाळ्यात लाडक्या बहिणीचे अर्ज सुरू झाले तेव्हा दुकानापुढे सकाळी सातपासून रांग लागायची. गर्दी आवरेना म्हणून मीच तोडगा काढला. बायांना सांगितलं, आधार आणि पासबुकाचा फोटो काढून माझ्या व्हॉट्सॲपवर टाका, नंबर आला की बोलावतो. दिवाळीनंतर एक दिवस फोन म्हणाला, जागा संपली. गॅलरी उघडली तर सहाशेच्या वर फोटो. आधारची दोन्ही अंगं, पासबुकाचं पहिलं पान, रेशनकार्ड, काहींचे तर पापणी मिटलेले चेहरे. हेच फोटो दुकानातल्या कॉम्प्युटरवरही आपोआप जाऊन बसले होते, आणि त्या कॉम्प्युटरवर माझ्याकडे कामाला असलेलं पोट्टं बसतं, कधी त्याचे मित्र बसतात. कोणी काही चोरलं नव्हतं. पण चोराला लागतं ते सगळं एका जागी रचून ठेवणारा मीच होतो.

तेव्हापासून आपली माहिती कुठे जाते आणि कोणाच्या कामी येते, हा विषय माझ्या डोक्यात बसला आहे. पण गावात काढला की एकच उत्तर येतं, “माह्यापाशी हाय काय, कोण काय नेईन?” दोन एकर कोरडवाहू, त्यावर सोसायटीचं कर्ज, खात्यात अकराशे रुपये. बरोबरच वाटतं ऐकायला.

याचं उत्तर मला खेडा खरेदीत सापडलं.

कापूस घरात आला की व्यापाऱ्याची गाडी गावात येते. काटा त्याचा, भाव त्याचा. पण त्याची खरी कमाई काट्यात नसते. (काट्यातही असते, तो वेगळा विषय.) त्याला माहीत असतं की कोणाच्या पोरीचं लग्न वैशाखात आहे, कोणाच्या घरी दवाखाना सुरू आहे, कोणाचा कापूस ओसरीत पडून पिवळा पडायला लागला आहे, आणि कोण होळीपर्यंत थांबू शकतो. जो थांबू शकतो त्याला तो भाव देतो. ज्याला थांबता येत नाही त्याला क्विंटलमागे शंभर-दोनशे कमी. कापूस तोच, गाव तेच. कास्तकाराच्या खिशात काय आहे याच्याशी त्याला घेणं नसतं, नड किती आहे हे त्याला हवं असतं.

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबवर आपली जी माहिती जमा होते ती मुख्यतः ही नडीची माहिती आहे. म्हणूनच खात्यात अकराशे रुपये असलेला माणूसही त्यांच्या कामाचा आहे.

आधी धंदा समजून घेऊ. १० एप्रिल २०१८ रोजी फेसबुकचे मालक मार्क झुकरबर्ग यांना अमेरिकेच्या सिनेटसमोर बसवलं होतं. ऑरिन हॅच नावाच्या वयस्कर सिनेटरनं साधा प्रश्न टाकला, लोक पैसे देत नाहीत तर तुमचा धंदा चालतो कसा? उत्तर आलं, “सिनेटर, आम्ही जाहिराती चालवतो.” ते खरंच आहे. फेसबुकच्या पालक कंपनीची, मेटाची, २०२४ ची मिळकत साधारण १६,४५० कोटी डॉलर होती आणि त्यातले १६,००० कोटींच्या वर जाहिरातींचे. आपण ग्राहक नाही, आपण त्या बाजारातला माल आहोत, असं लोक म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. कंपनी आपल्या माहितीची वही उचलून कोणाला विकत नाही, वही तिच्याच कपाटात राहते. ती विकते ओळख. “तुम्हाला नडलेला माणूस पाहिजे ना? नाव सांगणार नाही, पण तुमची चिठ्ठी बरोबर त्याच्याच हातात देतो.” दलालाचं काम.

हे मी आतून पाहिलं आहे. माझ्या मावसभावाचं कृषी केंद्र आहे. त्याला बॅटरीवर चालणाऱ्या फवारणी पंपाची जाहिरात करायची होती, म्हणून एका रात्री आम्ही दोघं फेसबुकचं जाहिरातीचं पान उघडून बसलो. पडद्यावर नकाशा आला. त्यावर गावाच्या जागी टाचणी टोचली, तिच्याभोवती वर्तुळ पसरवलं. वय २५ ते ५५, पुरुष, भाषा मराठी, आवड शेती. इथवर ठीक. मग एक खिडकी आली, तुमच्या ग्राहकांचे मोबाईल नंबर असतील तर चढवा. भावानं उधारीच्या वहीतले नंबर टाईप करून ठेवलेच होते, चढवले. (नंबर जाताना सांकेतिक होऊन जातात, पण तिकडे जुळणी बरोबर होते.) कंपनीनं त्यातले कोण कोण फेसबुकवर आहेत ते आपल्या आपण ओळखलं. आणि पुढचं बटण होतं, यांच्यासारखेच आणखी लोक शोधू का?

भाऊ खूश. मी मात्र त्या वहीकडे पाहत राहिलो. ती उधारीची वही होती. म्हणजे ‘यांच्यासारखे’ याचा अर्थ मशीनच्या लेखी काय झाला असेल? हंगामात हात तंग असलेले लोक. भावाच्या मनात तसं काही नव्हतं, त्याला पंप विकायचे होते. पण हीच खिडकी सात दिवसांत दामदुप्पट वसूल करणाऱ्या कर्जवाल्यालाही उघडी आहे, आणि बोगस बियाणं विकणाऱ्यालाही.

जाहिरातीवर बोट लावलं की कधीकधी एक छोटा फॉर्म उघडतो. त्यात आपलं नाव आणि नंबर आधीच भरलेला असतो. आपण लिहिलेला नसतो, कंपनीनं खात्यातून उचलून भरलेला असतो. खाली फक्त ‘पाठवा’. ट्रॅक्टरवर सबसिडी मिळेल या आशेनं बोट लावलं की नंबर अनोळखी माणसाच्या यादीत. चार दिवसांनी फोन येतो, “काका, सबसिडीसाठी अर्ज केला होता ना तुम्ही?” आणि काका म्हणतात, “हाव, केला व्हता.” पुढची प्रोसेसिंग फी फोनपेवर.

आता मशीनला आपल्याबद्दल कळतं तरी कसं? लोकांची ठाम समजूत आहे की फोन आपलं बोलणं ऐकतो. “थ्रेशरचं बोललो फक्त, अन् थ्रेशरची जाहिरात आली!” २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी १७ हजारांवर अँड्रॉइड ॲप तपासली. चोरून माइक चालू करणारं एकही सापडलं नाही. काही ॲप मात्र पडद्यावर आपण काय करतो याचं चित्रण करून तिसऱ्याकडे पाठवताना सापडली. खरी गंमत पुढे आहे, ऐकायची गरजच पडत नाही. थ्रेशरचं तुम्ही नुसते बोललात, पण ज्याच्याशी बोललात त्या साळ्यानं रात्री त्याचा भाव शोधला. तो तुमचा फेसबुक मित्र, दोघांचे फोन तासभर एकाच घरी होते, हंगाम सोयाबीन काढणीचा. शिवाय असंख्य वेबसाईटच्या आणि ॲपच्या पोटात या कंपन्यांचा न दिसणारा एक तुकडा बसवलेला असतो. तुम्ही कुठल्याशा साईटवर पंपाचा भाव पाहिला की तो तुकडा मेटाला चुगली करतो. तेव्हा फेसबुक उघडलेलं असायचीही गरज नाही.

आणि लाईक. लाईक म्हणजे काय, अंगठा दाखवला, संपलं, असं आपल्याला वाटतं. २०१५ साली केंब्रिज आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ८६ हजारांवर लोकांच्या लाईक घेतल्या आणि त्यावरून कॉम्प्युटरला माणसाचा स्वभाव ओळखायला लावला. मग तो अंदाज त्या माणसानं स्वतःबद्दल भरून दिलेल्या उत्तरांशी ताडून पाहिला. १० लाईकमध्ये कॉम्प्युटर सोबत काम करणाऱ्यापेक्षा बरा ठरला, ७० मध्ये मित्रापेक्षा, १५० मध्ये घरच्या माणसापेक्षा आणि ३०० मध्ये नवरा-बायकोपेक्षा. आमच्याकडे सकाळच्या ‘शुभ सकाळ’लाच रोजचे वीस अंगठे पडतात.

इथपर्यंत प्रत्येकाचं आपापलं झालं. पण या विषयातला खरा काटा वेगळा आहे, आणि गावच्या माणसाला तो शहरातल्यापेक्षा लवकर कळायला हवा. माहिती एकट्याची नसते.

केंब्रिज ॲनालिटिका हे नाव कानावरून गेलं असेल. केंब्रिज विद्यापीठातले अलेक्झांडर कोगन यांनी फेसबुकवर स्वभाव सांगणारं प्रश्नांचं एक ॲप काढलं. आपल्याकडे ‘तुम्ही मागच्या जन्मी कोण होता’ असले खेळ चालतात, त्याच जातीचं, दिसायला जरा अभ्यासू. ते घेतलं सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी. पण तेव्हा फेसबुकचा नियमच असा होता की ॲपला तुम्ही हो म्हटलं की तुमच्या मित्रांचीही माहिती त्याला मिळायची. मित्रांना कोणी विचारत नव्हतं. ती सगळी माहिती निवडणुकीचा प्रचार करणाऱ्या केंब्रिज ॲनालिटिका कंपनीकडे गेली. मार्च २०१८ मध्ये भांडं फुटलं तेव्हा फेसबुकनंच आकडा दिला, ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोक.

भारताचा आकडा मला जास्त बोलका वाटतो. इथं ते ॲप घेतलं होतं फक्त ३३५ जणांनी, आणि माहिती गेली असण्याची शक्यता होती ५ लाख ६२ हजारांवर भारतीयांची. काही या ३३५ चे मित्र, काही परदेशातल्या कोणाचे तरी मित्र. पाच लाखांनी कशालाच हो म्हटलं नव्हतं. त्या माहितीनं मतं किती फिरली यावर अभ्यासक अजून भांडतात, आणि त्या कंपनीनं आपली फुशारकीही भरपूर मारली होती. पण माहिती गेली यावर वाद नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०१९ मध्ये फेसबुकला ५०० कोटी डॉलरचा दंड ठोकला.

दुसरी गोष्ट तर चोरांच्या डोक्याला दाद द्यावी अशी. फेसबुकवर ‘मित्र शोधा’ म्हणून सोय होती. फोनमधली नावं-नंबर चढवा, त्यातलं कोण फेसबुकवर आहे ते आम्ही सांगतो. चोरांनी काय केलं, खरे मित्र चढवलेच नाहीत. एकामागून एक सगळे शक्य नंबर असलेली खोटी फोनबुकं बनवली आणि विचारत सुटले, हा कोणाचा? हा कोणाचा? फेसबुक इमानदारीनं सांगत गेलं. अशी १०६ देशांतल्या ५३ कोटींवर लोकांची यादी एप्रिल २०२१ मध्ये इंटरनेटवर फुकट वाटली गेली. नाव, नंबर, गाव, काहींची जन्मतारीख. त्यात सुमारे ६० लाख भारतीय. यासाठी आयर्लंडच्या माहिती संरक्षण नियामकानं पुढच्या वर्षी २६.५ कोटी युरोचा दंड केला, पण यादी काही परत आली नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. मोबाईल नंबर बँकेला, आधारला, गॅसला, पीएम किसानला जोडलेला. तो कोण बदलणार? जन्मतारीख तर बदलतच नाही.

म्हणून ‘माह्यापाशी काय हाय’ हे उत्तर चुकतं. तुमच्यापाशी तुमच्या फोनमधले चारशे नंबर आहेत. ‘मोठी आई’, ‘जावई अकोला’, ‘बँक साहेब’, ‘दूधवाला’ अशा नावांनी लिहिलेले. कोण कोणाचं कोण लागतं हे सगळं त्यात आलं.

हे कुठवर जातं ते मी दुकानात बसून पाहिलं. पंचवीस-सव्वीस वर्षांचं पोरगं, फवारणीच्या दिवसांत औषधाला पैसे नव्हते. फोनवर जाहिरात आली, पाच मिनिटांत कर्ज. ॲप टाकताना त्यानं कॉन्टॅक्ट, फोटो, सगळ्याला ‘परवानगी द्या’ दाबलं. मागितले पाच हजार, हातात आले तीन हजारांच्या आसपास, आठव्या दिवशी पाचाचे सहा मागायला लागले. एक दिवस उशीर झाला आणि त्याच्या फोनमधल्या लोकांना मेसेज सुरू झाले. ‘हा माणूस चोर आहे, फसवणूक करून पळाला आहे,’ सोबत त्याचा फोटो. मित्रांना गेला ते त्यानं सहन केलं. पण एक मेसेज बहिणीच्या सासऱ्यांना गेला. माझ्यासमोर टेबलावर फोन ठेवून तो म्हणाला, “दादा, पैसे कुठूनबी आनीन. पन व्याह्याले आता काय सांगू?” बहीण त्या दिवाळीला माहेरी आली नाही.

रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्येच सांगितलं आहे की कर्ज देणाऱ्या ॲपनं फोनमधली नावं, कॉल, फोटो यांना हात लावायचा नाही. त्यामुळे कर्जाचं ॲप कॉन्टॅक्ट मागायला लागलं की समजायचं, माल बोगस आहे. ही एकच खूण मी प्रत्येकाला सांगतो.

मुलींच्या बाबतीत पारडं आणखी वाकडं आहे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचा साधा फोटो कोणीतरी उचलतो, त्यावर नको ते जोडतो. आता तर हे करायला पाच मिनिटं आणि फुकटचं ॲप पुरतं. फोटो बनवणारा मोकळा फिरतो, आणि घरात पहिली गोष्ट काय होते? मुलीचा फोन काढून घेतात. मग एसटीचा पास बंद, मग कॉलेज. माहितीचा गैरवापर हा शब्द मोठा गुळगुळीत आहे, आमच्याकडे त्याचा अर्थ कधीकधी बारावीनंतर शिक्षण सुटणं एवढाच असतो.

आता व्हॉट्सॲप, तेही मेटाचंच. त्यावरचे मेसेज कंपनी वाचू शकत नाही, २०१६ पासून ते कुलूपबंद जातात. हे खरं आहे आणि उगाच घाबरवू नये. पण कुलूप मेसेजला आहे. तुम्ही कोणाशी, किती वाजता, किती वेळा बोलता, कोणत्या ग्रुपात आहात, हे कुलपाच्या बाहेर असतं. आणि ग्रुपात तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो. ‘कापूस-सोयाबीन भाव’ असल्या हजार माणसांच्या ग्रुपात लिंकवरून कोणीही घुसतो, नंबर उचलतो आणि ‘पीएम किसान यादी’ नावाची एपीके फाईल टाकून जातो. ती यादी नसतेच, ॲप असतं. उघडलं, इन्स्टॉल केलं, की ते तुमचे एसएमएस वाचतं, ओटीपी पुढे पाठवतं आणि तुमच्याच नावानं तीच फाईल तुमच्या सगळ्या ग्रुपांत टाकतं. लोक उघडतात कारण पाठवणारा ओळखीचा असतो. इथंही तेच, एकानं दार उघडलं की आळी उघडी.

व्हॉट्सॲपनं २०२१ मध्ये आपली माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देण्याचं नवं धोरण आणलं होतं, मान्य करा नाहीतर ॲप सोडा. त्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये सीसीआयनं मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला. ही बातमी मी दुकानात वाचून दाखवली तर एक काका म्हणाले, “सीसीआयनं आधी माह्या कापसाचे पैसे टाकावे!” ती कापूस खरेदी करणारी सरकारी सीसीआय नव्हे, काका, हा भारताचा स्पर्धा आयोग. ते प्रकरण पुढे अपिलात गेलं.

कायदा आहे का? आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि कंपन्यांवरची बहुतेक बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. सोप्या भाषेत संमती मागायला हवी, दिलेली संमती मागे घेता यायला हवी, अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची परवानगी हवी, माहिती फुटली तर तुम्हाला कळवायला हवं. दंड २५० कोटींपर्यंत. ऐकायला भारी वाटतं, पण दंडाचा पैसा सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती गेली त्याला भरपाईची सोय या कायद्यात नाही. पिकाचं नुकसान तुमचं आणि विम्याचा चेक तलाठ्याच्या नावानं, असा प्रकार.

तोवर आपल्या हातात जे आहे ते फार नाही, पण आहे. फोनच्या सेटिंगमध्ये परवानग्यांच्या पानावर जाऊन कॉन्टॅक्ट कोणकोणत्या ॲपला उघडे आहेत ते पाहा. टॉर्चच्या ॲपला तुमच्या साळ्याचा नंबर लागत नाही, काढून टाका. व्हॉट्सॲपमध्ये ग्रुपात कोण घालू शकतं ते ‘माझे कॉन्टॅक्ट’वर ठेवा आणि सहा आकडी पिन लावा. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते ‘संचार साथी’वर दिसतं. मी बघितलं तेव्हा माझ्या वडलांच्या नावावर एक जास्तीचं निघालं. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. पैसे चोराच्या खात्यातून निघायच्या आत अडले तर अडतात, दुसऱ्या दिवशी फक्त तक्रार उरते.

आणि मी ते सहाशे फोटो पुसले. फोनमधून, कॉम्प्युटरमधून, कचरापेटीतूनही. लोक खूश झाले नाहीत. ई-केवायसीच्या वेळी सगळ्यांना पुन्हा आधार घेऊन यावं लागलं, तेव्हा चांगली बोलणी खाल्ली. एक आजी कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेलं आधार घेऊन दोनदा आल्या, पहिल्या वेळी मुलाचं आणलं होतं. म्हणाल्या, “मागच्या वक्ती तुह्यापाशी व्हतं ना बाप्पा, कायले खोडलं?” मी झेरॉक्स काढली आणि सवयीप्रमाणे तिच्यावर आडवी रेघ ओढून लिहिलं, ‘फक्त लाडकी बहीण केवायसीसाठी’, खाली तारीख. आजींनी तो कागद हातात घेतला, उलटासुलटा केला आणि माझ्याकडे सरकवला.

“याच्यावर तं तू गिरबटून ठेवलं. दुसरी काढ, चांगली. अन् याचे पैसे मी देनार नाही.”

दुसरी काढली. तिच्यावरही लिहिलं, फक्त या वेळी अक्षर जरा बरं काढलं.